मनाच्या वॉर्डात चोवीस तास

मानसिक आजार म्हटलं की आपल्याला सायकियाट्रिस्ट आठवतो, फार तर काउन्सेलर. पण पेशंटजवळ दिवसरात्र असते ती नर्स. ती नेमकं करते काय? आणि त्यातलं घरी-ऑफिसात आपल्याला काय वापरता येईल?

"याला येरवड्याला भरती करा रे!" हे वाक्य तुमच्या ऑफिसात आठवड्यातून किती वेळा ऐकू येतं? कुणी सलग दोन वीकएंड काम केलं की येरवडा, कुणी जोरात हसलं की ठाणे. पुणेकरांचं येरवडा, मुंबईकरांचं ठाणे, विदर्भातल्यांचं नागपूर आणि कोकणवासीयांचं रत्नागिरी. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं आपण विनोदापुरती वाटून घेतली आहेत. या चौघांच्या मंजूर खाटा बरीच वर्षं अशा सांगितल्या जात: येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५.

या यादीत कोण नाही, लक्षात आलं? मराठवाडा! आठ जिल्ह्यांचा हा प्रदेश, पण जुन्या चौघांतलं एकही रुग्णालय तिथं नाही. जालन्यात असं रुग्णालय उभारण्याचा निर्णय फार नंतर झाला.

माझं आजोळ याच जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. वडीगोद्रीहून आत वळलं की थोड्याच अंतरावर अंतरवाली सराटी. २०२३ पर्यंत हे नाव पुण्यात सांगितलं तर "हे कुठं आलं?" असंच विचारलं जायचं. २९ ऑगस्ट २०२३ ला तिथं मनोज जरांगे पाटील यांचं मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गाव थेट ब्रेकिंग न्यूजमध्ये गेलं. त्या दिवसांत उपोषणाच्या मांडवात बीपी, शुगर तपासली जात असल्याची दृश्यं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. आरक्षणाच्या प्रश्नावरून तरुणांनी जीव दिल्याच्या बातम्याही त्याच काळात आल्या, आणि असं टोकाचं पाऊल उचलू नका, असं आवाहन खुद्द जरांगे यांना करावं लागलं.

बीपी मोजायला मशीन असतं. पण एखादा तरुण आतून खचत चाललाय, हे कोण मोजणार? आणि कसं?

हे ज्यांना शिकवलं जातं, त्यांच्यापैकी एक माझ्या घरातच आहे. माझी मामेबहीण सायकियाट्रिक नर्स आहे. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, त्यामुळे मी तिला ताईच म्हणते. दिवाळीत आजोळी गेले, तेव्हा दोन दिवस तिला अक्षरशः इंटरव्ह्यूला बसवलं. वॉर्डातल्या कुणाचं नाव सांगणार नाही, या अटीवर ती बोलली.

टेन्शन कुठं संपतं, आजार कुठं सुरू होतो?

"टेन्शन सगळ्यांनाच असतंय गं," ताई म्हणाली. "पाऊस लांबला की शेतकऱ्याला, अप्रेझल आलं की तुला. त्याला मी आजार नाही म्हणत."

मग आजार कधी म्हणायचं? ती आधी तीन गोष्टी बघते. किती दिवस चाललंय? झोप-भूक कशी आहे? आणि रोजचं काय बंद पडलंय? एखादा माणूस उदास आहे, पण कामाला जातोय, मित्रांत हसतोय, जेवतोय, तर तो दुःखात असू शकतो. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास आहे किंवा कशातच रस उरलेला नाही, पहाटे तीनला जाग येते, अंघोळसुद्धा डोंगर वाटते, 'आपलं काही खरं नाही' हेच डोक्यात फिरतं, तर ते डिप्रेशन असू शकतं. अशा वेळी तज्ज्ञाकडे जायलाच हवं.

मानसिक आजारांचे ढोबळमानाने दोन गट सांगतात. डिप्रेशन, अँक्झायटी यांसारखे सर्रास आढळणारे आजार एकीकडे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखे तीव्र आजार दुसरीकडे. यांत माणसाचा वास्तवाशी असलेला धागाच काही काळ सुटू शकतो. आपल्या सिनेमांनी दोन्ही दाखवलंय. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'त अतुल कुलकर्णींनी स्किझोफ्रेनिया झालेला माणूस उभा केला, आणि याच जोडीच्या 'कासव'मध्ये डिप्रेशनमधला तरुण भेटला.

हे सगळं 'दुसऱ्यांना' होतं, असं वाटत असेल तर एक आकडा ऐका. बंगळूरच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. म्हणजे तुमच्या फ्लोअरवर शंभर जण बसत असतील, तर साधारण दहा जण! उपचारांचं काय? वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

'व्हायोलंट' लिहायचं नाही

सायकियाट्रिस्टचा राउंड होतो आणि डॉक्टर पुढच्या वॉर्डात जातात. उरलेला सगळा वेळ पेशंटसमोर नर्स असते. त्यामुळे तिचं पहिलं काम म्हणजे बघणं. कपडे कसे आहेत, नजर भिडवतोय का, बोलण्याचा वेग किती, चेहऱ्यावरचा भाव आणि बोलणं जुळतंय का, आज कुठला वार हे सांगता येतंय का, आपल्याला आजार आहे असं त्याला वाटतंय का. याला मानसिक स्थितीची तपासणी म्हणतात आणि ती गप्पा मारता मारता होते.

दुसरं काम म्हणजे लिहिणं. ताईनं मला एक धडा दिला, तो मला फार आवडला. नवीन मुली रिपोर्टमध्ये लिहितात, 'पेशंट व्हायोलंट आहे.' ताई ते खोडायला लावते. मग काय लिहायचं? 'रात्री नऊ वाजता जेवणाचं ताट फेकलं. त्याआधी घरून फोन आला होता. दहा मिनिटं एकट्यानं बसू दिल्यावर शांत झाला.' पहिल्या वाक्यानं माणसावर शिक्का बसतो. दुसऱ्या नोंदीत कारण दिसतं, वेळ दिसते आणि उपायही.

हे वाचून मला आमच्या ऑफिसातले ईमेल आठवले. 'तिचा अॅटिट्यूड प्रॉब्लेम आहे', 'तो टीम प्लेअर नाही'. काय घडलं ते लिहा, माणूस कसा आहे ते लिहू नका. एचआरनं हा नियम भिंतीवर लावायला हरकत नाही!

'खामोशी'तली राधा आणि नर्सिंगची लक्ष्मणरेषा

मनोरुग्णांची नर्स म्हटलं की जुन्या हिंदी सिनेमाच्या फॅनना एकच चेहरा आठवतो, वहिदा रहमानचा. १९६९ चा 'खामोशी'. तिच्या राधाला डॉक्टर सांगतात, प्रेमभंगानं कोसळलेल्या पेशंटवर प्रेम करण्याचं नाटक कर, तो बरा होईल. पहिला पेशंट बरा होऊन निघून जातो, पण राधाचं नाटक नाटक राहिलेलं नसतं. पुढे दुसरा पेशंट येतो, राजेश खन्ना. आणि शेवटी त्याच वॉर्डात राधालाच दाखल करण्याची वेळ येते.

"सिनेमा भारी आहे, पण आमच्याकडं असं केलं तर नोकरी जाईल," ताई हसत म्हणाली.

मुद्दा मात्र गंभीर आहे. सायकियाट्रिक नर्सचं मुख्य औजार म्हणजे ती स्वतः. तिचा आवाज, तिचं बसणं, तिचं नातं. पण हे नातं मैत्रीचं नाही, प्रेमाचंही नाही. ते उपचाराचं आहे. ही गोष्ट नीट मांडली ती हिल्डेगार्ड पेपलाऊ या अमेरिकन नर्सनं. तिचं पुस्तक १९५२ साली आलं. लिहून १९४८ मध्येच झालं होतं, पण एका नर्सनं डॉक्टर सहलेखकाशिवाय पुस्तक लिहावं, हेच तेव्हा पचेना. आज मात्र ती आधुनिक मानसोपचार परिचर्येची आई मानली जाते.

पेपलाऊचं म्हणणं सोप्या शब्दांत असं: नर्स आणि पेशंट आधी अनोळखी म्हणून भेटतात. मग अडचण काय ते दोघं मिळून शोधतात, त्यावर काम करतात आणि शेवटी एकमेकांचा निरोप घेतात. निरोप हासुद्धा उपचाराचाच भाग! त्यामुळे नर्स स्वतःचा पर्सनल नंबर देत नाही, स्वतःची दुःखं सांगत बसत नाही आणि 'मी आहे ना, तुला काही होणार नाही' असली वचनंही देत नाही. जे पाळता येईल तेवढंच ती बोलते. "चारला येते म्हटलं तर चारला जायचंच. सव्वाचार झाले तर त्याच्यासाठी मीपण बाकीच्यांसारखीच."

भ्रमाशी भांडायचं नाही

आमच्या नात्यातला एक मुलगा. नाव-गाव सांगत नाही. वय चोवीस, चाकणला एका कंपनीत नाइट शिफ्टला होता. आधी झोप उडाली. मग मोबाइलमधून आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय, असं वाटायला लागलं. मग आवाज ऐकू यायला लागले. नोकरी सोडवून त्याला गावी आणलं. पुढचं तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेल. कुणी म्हणालं बाहेरची बाधा आहे, कुणी देवऋषी सुचवला, कुणी 'लगीन लावून टाका, सुधरंल' म्हणालं. त्याचे काका त्याला दिवसभर समजावायचे, "अरे, कुणी नाही तिथं, येडा झाला काय?" त्यावर तो अजून चिडायचा.

मग एका रविवारी ताई गेली. त्याच्या अगदी समोर न बसता जरा बाजूला, दाराची वाट मोकळी ठेवून बसली. आधी शेतातल्या कपाशीवर बोलली. बऱ्याच वेळानं त्यानंच विषय काढला.

"ताई, ते लोक माझ्याबद्दल बोलायलेत. तुला येतंय ऐकू?"

"नाही रे दादा, मला नाही येत. पण तुला येतंय, हे मला पटतंय. लई भीती वाटत असंल ना? झोप लागती का?"

बस, एवढंच! तिनं त्याला खोटं पाडलं नाही आणि त्याच्या भ्रमाला 'हो'ही म्हटलं नाही. भीती आणि झोप, या दोन गोष्टींवर दोघांचं एकमत झालं. "झोपेसाठी डॉक्टरकडं जाऊ," याला तो तयार झाला. पहिले काही आठवडे त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. आता तो औषधं घेतो, दर महिन्याला फॉलोअपला जातो आणि भावाच्या दुकानात अर्धा दिवस बसतो. आवाज पूर्ण गेलेत का? नाही. पण ते आले की काय करायचं, ते त्याला माहीत आहे.

याच ठिकाणी मी ताईला आत्महत्येबद्दलही विचारलं. मरणाचे विचार येतात का, असं थेट विचारलं तर उलट डोक्यात भरवल्यासारखं नाही का होणार? तिनं ठाम नकार दिला. "विचारल्यानं कुणी मरत नसतंय. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं होतेत." अभ्यासही हेच सांगतो. दुसरी गोष्ट म्हणजे घरातलं फवारणीचं औषध लगेच हलवायचं, कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी. जिवावर उठलेला तो क्षण अनेकदा छोटा असतो. त्या वेळी हाताशी काय आहे, यावर खूप काही ठरतं.

गोळी, घाम आणि उपास

सायकियाट्रीची औषधं म्हणजे गुंगीच्या गोळ्या, हा आपला आवडता गैरसमज. डिप्रेशनच्या गोळ्यांचा फायदा जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी असा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकतो. म्हणून लोक चार दिवसांत गोळ्या सोडतात आणि म्हणतात, 'काही उपयोग नाही.' हे आधीच समजावून सांगणं नर्सचं काम.

आणि इथं स्थानिक माहिती लागते. बायपोलरमध्ये लिथियम हे जुनं आणि भरवशाचं औषध. पण रक्तातलं त्याचं प्रमाण मापातच राहावं लागतं, त्यासाठी वेळोवेळी रक्त तपासतात. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की हे प्रमाण वाढतं. आता डोळ्यांसमोर आणा मराठवाड्यातला मे महिना. दिवसभर शेतात घाम, त्यात निर्जळी उपास, नाहीतर जुलाब. अशा वेळी हात जोरात थरथरणं, उलट्या, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं ही लक्षणं दिसली तर ते 'ऊन लागलं' म्हणून सोडून द्यायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. ताई डिस्चार्ज देताना प्रत्येक बाईला विचारते, "उपास कोणकोणते करता?" हा प्रश्न परदेशी पुस्तकात सापडणार नाही!

नर्स नाही तिथं कोण?

देशात लाख लोकांमागे एकही सायकियाट्रिस्ट येत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. मग अंतरवाली सराटीसारख्या गावानं काय करायचं?

याचं एक उत्तर अमरावती जिल्ह्यात मिळालं. 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात ३० गावांमध्ये स्थानिक लोकांनाच प्रशिक्षण देऊन घरोघरी, चावडीवर डिप्रेशनबद्दल बोलायला लावलं. दीड वर्षात, डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर तेवढेच, पण त्यांच्यापर्यंत जाणारी वाट तयार झाली. गोव्यात 'संगत' या संस्थेनंही असंच सामान्य माणसांना समुपदेशनाचं काम शिकवून दाखवलं.

महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात जालनाही होतं. गावातल्या आशाताईनं घरोघरी जाऊन खचलेला माणूस हेरायचा आणि पुढे पाठवायचा, अशी त्याची रचना. बाळंतपण, लसीकरण, सर्वेक्षण आणि वर हे. आशाताईंवरचं ओझं केवढं, ते वेगळं सांगायला नको. पण कुणाच्या घरात चूल पेटली नाही, हे तिला डॉक्टरच्या आधी कळतं, हेही तितकंच खरं.

कायदा तुमच्या बाजूनं

तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण गेले. साखळदंडांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आलं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आता माणसाला साखळीनं बांधायला सरळ मनाई करतो. भूल न देता शॉक ट्रीटमेंटही देता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिला उपचार आणि पुनर्वसन द्यायचं, हेही त्यात आहे. उद्या आजारी पडलो तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे आजच लिहून ठेवण्याचा हक्कही तुम्हाला आहे. आणि ऑफिसवाल्यांसाठी सगळ्यात कामाचं: शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारालाही विम्याचं कव्हर देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. आज लंचनंतर आपल्या मेडिक्लेमची पॉलिसी काढून वाचा.

करिअर म्हणून?

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगमध्ये मानसोपचार परिचर्या हा विषय सगळ्यांनाच असतो. पुढे एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा किंवा दोन वर्षांचं एमएस्सी करता येतं. पण ताईच्या मते या कामाला सगळ्यात जास्त लागते ती कंटाळा न येण्याची ताकद. तोच प्रश्न, तोच भ्रम, तीच तक्रार रोज नव्यानं ऐकायची. शिवाय नातेवाइकांचे टोमणे आहेतच. 'येड्यांच्या दवाखान्यात' काम करते म्हणून तिचं लग्न दोनदा मोडलं होतं. तिसऱ्या वेळी बघायला आलेल्या मुलानं तिला पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला स्वतःला कधी थकवा येतो का?" त्याच्याशीच लग्न केलं!

चौकट : शेजारच्या डेस्कवरचा मित्र बदललाय? हे करा

• एकांतात विचारा. 'काय झालंय तुला?' असं विचारण्यापेक्षा 'दोन आठवडे तू जेवायला खाली येत नाहीस, झोप होते का?' असं दिसलेल्या गोष्टीवरून विचारा.

• सल्ले देऊ नका. 'पॉझिटिव्ह राहा', 'ट्रेकला चल', 'तुला काय कमी आहे?' हे तिन्ही डायलॉग बंद!

• मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारा. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका आणि ते गुपित ठेवू नका. घरच्यांना कळवा, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

• भास-भ्रम असतील तर वाद घालू नका, चेष्टा करू नका, खोटी मानही डोलावू नका.

• पहिल्या अपॉइंटमेंटला सोबत जा. बाहेर बसा. परत येताना चहा प्या.

• औषधं सुरू झाली की 'अजून किती दिवस?' विचारू नका. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू देऊ नका.

• पाळता येईल तेवढंच वचन द्या. 'कधीही फोन कर' म्हणण्यापेक्षा 'रोज रात्री नऊला मी फोन करेन' म्हणा, आणि करा.

• टेली-मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा. गावाकडच्या एका तरी माणसाला फॉरवर्ड करा.